लेकीच्या घरचा पेला

आमच्या घरात दिवेलागणीला दारूचे पेले तयार व्हायचे, हे मी सरळच सांगून टाकते. ज्यांना नाकं मुरडायची त्यांनी खुशाल मुरडावीत. आमच्या गावाचं ते काम केव्हाच आटोपलेलं आहे.

माझे मालक लग्नाआधी सिकंदराबादेच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेबाच्या पाहुण्यांसाठी पेयं मिसळायची आणि पेले भरायचे, एवढंच काम. साहेब विलायतेला निघून गेला तेव्हा हे मांजरसुंब्याजवळच्या आपल्या शेतावर परत आले. येताना पगाराच्या पैशांतून बैलजोडी आणतील म्हणून सासूबाई वाट बघत होत्या. ह्यांनी आणलं काय, तर साहेबाने टाकून दिलेलं एक भांडं. दोन उंच पेले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात घट्ट बसेल असे. आत सगळा माल घालायचा, जोडायचं आणि कानाजवळ धरून खुळखुळवायचं. मी नवी नवरी होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्यांच्या अंगात आलंय.

साहेबाघरची दारू इथे कुठली मिळायला? निजामाच्या राज्यात आमच्याकडे गुत्तेदाराच्या दुकानात मोहाची मिळायची, आणि तिचा वास असा की गोठ्यातली म्हैस तोंड फिरवायची. हे तीच आणायचे, पण पेल्यात घोटभरच घालायचे. वर लिंबाचा रस, साखरेच्या जागी काकवी आणि सोड्याच्या जागी वाळ्याची जुडी घातलेलं माठातलं पाणी. उन्हाळ्यात त्यात भाजलेल्या कैरीचा गर यायचा, पावसाळ्यात सुंठ. साहेबाचं पेय आमच्या परसात येऊन असं निराळंच होऊन जायचं. सासूबाई आधी "घर बाटवलंस" म्हणून ओरडल्या. पुढे गुडघे दुखतात या निमित्ताने त्यांनीही वाटी पुढे केली. गुडघे काही थांबले नाहीत, पण ओरडणं थांबलं. माणशी एकच पेला मिळायचा. दुसरा मागितला की हे भांडं धुऊन पालथं घालायचे. मला त्या दारूची चव कधी आवडली नाही, म्हणून माझा पेला बिनदारूचा असायचा.

ही खबर तेलगावला माझ्या माहेरी पोचली आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना तरी नावं कशी ठेवू? त्यांचा धाकटा भाऊ दारूत गेला होता. संध्याकाळ झाली की आबा त्याला दुकानाच्या दारातून पाठीवर घालून आणायचे, आणि शेवटी एका सकाळी त्यालाच खांदा द्यायची वेळ आली. माझी चुलती कालवण खारट झालं म्हणून मार खायची. ते आम्ही लहानपणी भिंतीआडून ऐकलेलं होतं.

चैत्रातल्या भर उन्हात आबांची गाडी आमच्या दारात उभी राहिली. भांडायला आले होते, पण लेकीच्या घरी रिकाम्या हाताने येतील तर ते आबा कसले! गुळाची ढेप होती, मळ्यातल्या लिंबांची टोपली होती, आणि स्वतःसाठी पाण्याची घागर होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही तोंडात घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आबांनी तो कधी मोडला नव्हता.

ओसरीवर बसता बसताच ते म्हणाले, "ताकाला येऊन गाडगं लपवायची मला सवय न्हाई, जावईबापू. पोरीला न्यायला आलोय. दारूच्या घरात मी तिला नांदू देणार न्हाई."

मी आतल्या दाराशी उभी होते. मला जायचं नव्हतं. बापाने गाडीत घालून परत नेलेली पोर पुन्हा सासरी येत नाही, आणि आली तरी मान वर करून राहत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण आबांसमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

मालकांनी वाद घातला नाही. "मामा, लई उन्हातनं आलाव. आधी घसा ओला करा, मंग बोलू."

"तुमच्या घरचं पाणी मला चालत न्हाई. ठावं हाय ना?"

"आमचं कावून प्याल? तुमचंच प्या की."

हे गाडीपाशी गेले. आबांच्याच घागरीतलं पाणी घेतलं, आबांच्याच ढेपेचा गूळ फोडला, टोपलीतली लिंबं चिरली. आबा डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"आन् मीठ?" आबांनी विचारलं.

"ते बी तुमच्याच शिदोरीतलं घेतो. हात तेवढे आमचे."

सासूबाईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत. "दारू किती घालताव?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी कोनाड्यातली बाटली आणून आबांच्या पुढ्यात ठेवली. होळीला आणलेली ती बाटली अजून अर्धी भरलेली होती. "तुमी सांगितल्याबिगर थेंब पडायचा न्हाई, मामा." आबांनी ती हाताने लांब सारली.

मग हे भांडं खुळखुळवायला लागले. आबांचे बैल दचकले. खुळखुळवून झाल्यावर, दारू घालायच्या आधी मला चाखायला द्यायच्या रोजच्या सवयीने, ह्यांनी पहिला घोट माझ्या तळहातावर ओतला आणि विचारलं, "कसं झालंय?"

बापासमोर लाजायचं की खरं बोलायचं? माझ्या जिभेने माझं ऐकलं नाही. "लई आंबट झालंय," मी म्हणाले.

मी बोलून गेले आणि आबा ताठ झाले. आता ह्याचा हात उठणार, असं त्यांना वाटलं असावं. चुलत्याच्या घरात त्यांनी तेच पाहिलं होतं. पण हे "अस्सं?" म्हणाले, गुळाचा आणखी एक खडा कुस्करला, पुन्हा खुळखुळवलं आणि पुन्हा माझ्यापुढे धरलं. "आता?"

"आता बरं हाय."

तेव्हा कुठे आबांच्या तांब्यात ते पेय ओतलं गेलं. आबांनी वरून धार धरून निम्मा तांब्या संपवला. मिशा पुसल्या.

"रोज असंच तिला इचारून करताव?"

"तिच्या जिभेला कळतं, मामा. माझी तिकडं साहेबापाशीच बिघडली."

आबा उरलेला तांब्या तसाच हातात धरून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न ठरलं ते मला न विचारता. तारीख, लुगडं, गाव, काहीच मला कुणी विचारलं नव्हतं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मलाही वाटायचं नाही. आताही ते फक्त "गाडीत बस" म्हणाले असते, तर मी मुकाट्याने बसले असते.

"पोरी," आबा म्हणाले, "तुला यायचंय का?"

माझे डोळे भरून आले. मालकांचे उपकार मी आयुष्यभर मानले, उघड बोलून मानले. पण त्या दुपारचे माझ्या बापाचे उपकार त्याहून मोठे आहेत. भाऊ गमावलेल्या माणसाने, मला न्यायचंच असं ठरवून उन्हातान्हात गाडी हाकत आलेल्या माणसाने, ठरवायचं माझ्यावर सोडलं होतं.

"न्हाई, आबा," मी म्हणाले. "मला हितंच ऱ्हायचंय."

आबांनी मान हलवली आणि उरलेला तांब्या माझ्या हातात दिला.