सहा मीटरवरचा नवरा

मॅनस मॅकब्राइड जमिनीवर असेपर्यंत त्याच्याकडून कशाचंही उत्तर काढणं कुणाच्या बापाला जमलं नाही. "बघू," म्हणायचा आणि हातावर तुरी देऊन गोठ्यात, धक्क्यावर नाहीतर थेट चर्चमध्ये जाऊन बसायचा. देव काही विचारत नाही म्हणून हा देवभक्त, असं त्याची बायको ग्रॉन्या म्हणते.

ग्रॉन्या आमच्या बोटीची कप्तान. मी गेली अठरा वर्षं तिच्या डेकवर पाणबुड्यांचे सिलिंडर उचलतो आणि बोलणी खातो. आमच्या पोर्टनाक्रे गावच्या धक्क्यापासून दीड तासावर एक मालवाहू जहाज पहिल्या महायुद्धापासून समुद्रात चौसष्ट मीटर खोल बुडून पडलंय. मॅनस दर शनिवारी बुडी मारून त्याला भेटायला जायचा. तिथं पंचवीस मिनिटं हिंडलं की वर यायला सव्वा तास लागतो, कारण घाई केली तर रक्तात बुडबुडे धरतात. शेवटचा मुक्काम सहा मीटरवर. दहा अंशांच्या पाण्यात पन्नास मिनिटं दोराला धरून लोंबकळायचं, पळायला जागा नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ग्रॉन्याला बारा वर्षांपूर्वी सुचलं. घरामागचं गटार तुंबलं होतं. पाणबुडे वापरतात त्या प्लॅस्टिकच्या पाटीवर तिनं लिहिलं, "गटारवाल्या डीनीला बोलावू का?" आणि पाटी शिशाच्या वजनाला बांधून दोरावरून खाली सोडली. चार मिनिटांनी पाटी वर आली. "बोलाव." लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि इतकं सरळ उत्तर तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

पुढच्या शनिवारी गावातल्या चार बायका थर्मास आणि सोडा ब्रेड घेऊन बोटीवर हजर. प्रत्येकीचा नवरा दोराला, प्रत्येकीच्या हातात पाटी. मग पाद्रीबाबाही यायला लागले. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला माणसं मिळेनात म्हणून. पाण्याखाली दिलेला शब्द मोडायचा नाही, हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण सगळे पाळतात. डेरी शहरातून आलेल्या एका पाहुण्या पाणबुड्याच्या हाती चुकून दुसऱ्याची पाटी गेली. त्यानं भिडेखातर "हो" लिहिलं आणि संध्याकाळी दोन शेळ्या मोटारीत घालून घरी गेला.

एकाच प्रश्नाला मॅनस पाण्यातही दाद देत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी तो घाईनं वर आला आणि त्याचा डावा खांदा कायमचा अधू झाला. डॉक्टरनं खोल जायला मनाई केली. तेव्हापासून ग्रॉन्या विचारायची, "थांबणार का?" आणि पाटी पुसून कोरी वर यायची. तिला त्या कोऱ्या पाटीची धास्ती बसली होती. एखाद्या शनिवारी पाटीही येणार नाही आणि तोही, असं ती मला एकदा म्हणाली.

गेल्या सप्टेंबरात तिनं लिहिलं, "एकसष्ट झालास. मला झोप लागत नाही. हो की नाही?"

अर्ध्या तासानं पाटी आली. बोटं गारठल्यामुळे अक्षर वेडंवाकडं होतं. "हो. आता मलाही भीती वाटते."

ग्रॉन्या रडली. मग हसली. मग एकदम दोरांच्या वेटोळ्यावर बसली.

"आणि पुढच्या शनिवारपासून ह्याच्याशी बोलायचं कुठं?"

"न्हाणीच्या टबात," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिनं पाटी ओढली आणि लिहायला लागली. दाराला रंग कुठला द्यायचा? तुझ्या बहिणीशी अबोला किती दिवस धरायचा? लग्नाआधी त्या डंग्लो गावच्या पोरीला खरंच पत्रं लिहायचास का? तुला पुरायचं कुठं, माझ्याशेजारी की तुझ्या आईशेजारी? पाटी खाली जायची, वर यायची. दार हिरवं. अबोला पुरे. दोनच पत्रं. तुझ्याशेजारी.

इतर पाणबुडे केव्हाच वर येऊन सूप पीत बसले होते. मी घड्याळ बघितलं. मॅनसची पन्नास मिनिटं संपून बावीस मिनिटं झाली होती. त्याला कुणी अडवलं नव्हतं, तरी बुडबुडे दोराशीच होते.

ग्रॉन्याचे प्रश्न संपले. तिनं पाटी मांडीवर तशीच धरून ठेवली.

तेवढ्यात दोराला खालून हिसका बसला. मॅनसकडे स्वतःची एक पाटी असायची, बारा वर्षांत कधी न वापरलेली. ती त्यानं दोराला अडकवली होती; मी ओढून वर घेतली आणि ग्रॉन्याच्या हातात दिली.

तिच्यावर लिहिलं होतं, "अजून विचार ना."