कळसूबाईला न्यायच्या ओट्या

सकाळी उठल्यावर माझे हात माझे नसतात. बोटं आखडून मुठीत गेलेली असतात, ती दुसऱ्या हातानं एकेक करून सोडवावीत म्हटलं तर दुसऱ्या हाताचीही तीच गत. परातीत कोमट पाणी घेऊन बसते, तेव्हा कुठं चहाचा कप धरता येतो. गॅस आमचे मालक पेटवतात, चहाही तेच करतात. साखर फार टाकतात, पण आयता मिळतोय म्हटल्यावर बोलायची सोय नाही.

हे असं कैक वर्षांपासून चालू आहे. लोक गुडघेदुखी म्हणतात. ती निराळी, ती वयाची. माझी वाताची. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं, की माझ्याच अंगातली राखण करणारी फौज माझ्याच सांध्यांवर उठली आहे. तिला दाबून ठेवायची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री. मग सोमवार सगळा मळमळण्यात जातो.

तर अशा बाईनं या वयात डोंगर चढायचं काहून ठरवलं? सांगते.

दवाखान्यात बाकड्यावर माझ्या शेजारी सेनगावकडच्या तांड्यावरची एक बाई बसली होती, नऊ-दहा वर्षांची पोरगी घेऊन. पोरगी प्यायच्या पाण्यापर्यंत गेली आणि परत आली. चाल माझीच. एक पाय टाकायचा, थांबायचं, कंबर सावरायची, मग दुसरा. मी आपली बघतच राहिले. हा आजार म्हाताऱ्यांचा, अशी माझी समजूत.

"लेकरांनाबी व्हतो व्हय हा?" मी विचारलं.

"व्हतो की. सुया हायत म्हनं याच्यावर. लई महाग हायत," ती म्हणाली आणि पोरीची वेणी नीट करू लागली. वेणी नीटच होती.

आत गेले तर डॉक्टरीणबाईंनी कळसूबाईचं काढलं. हिवाळ्यात त्यांचे सांध्याचे पेशंट घेऊन त्या डोंगरावर जाणार होत्या. काही देणगी देणारी माणसं होती. जितके पेशंट चालतील तितक्या लेकरांच्या वर्षभराच्या सुयांचा खर्च ती करणार होती. "एक पेशंट, एक लेकरू," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडातून व्हय निघून गेलं. विचार नंतर केला, जीपमध्ये, कळमनुरीच्या अलीकडं.

त्यांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. "मावशी, वर पोचायची अट नाही. जिथं सांधा नको म्हणेल तिथं बसायचं. तुम्ही चाललात, लेकराच्या सुया पक्क्या. पण हट्टानं ओढत चालणार असाल तर मी तुम्हाला नेणार नाही. मग ते लेकरूही सुयांवाचून राहील."

सराव सुरू केला तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं आणि कापूस वेचणीला आला होता. चालायचं मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याला कारण माझी गोळी. सोमवार मळमळीचा, मंगळवारी जरा बरं वाटायचं, चालले की बुधवार-गुरुवार सूज उतरवण्यात जायचे, शुक्रवारी पुन्हा चालायचं. आधी गावाच्या वेशीपर्यंत, मग पाणंदीनं शेंदूर लावलेल्या दगडापर्यंत, मग टॉवर असलेल्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. लुगड्याखाली लेकानं आणलेले बूट. किती कंटाळा यायचा म्हणून सांगू! चालून अंगात काही जोर येतोय असं वाटायचंच नाही. आज जे कमावलं ते उद्या पडून राहण्यात जायचं. बाकीच्यांचा सराव पुढं पुढं सरकत असेल, माझा रहाटासारखा तिथंच फिरायचा.

चालताना दम लागायचा म्हणून मी बोलत नसे. आणि मी बोलत नाही, ही आमच्या गावात दखल घ्यावी अशीच गोष्ट. शेंदराच्या दगडापाशी मी दर खेपेला थांबायचे, दगडाला टेकून वाकून गुडघे चोळायचे. कापूस वेचणाऱ्या बाया हे सगळं बघत होत्या. मंगळवार-शुक्रवार, म्हणजे देवीचे वार. तोंडातून शब्द नाही. दगडापुढं वाकते. आणि निघाली कुठं, तर कळसूबाईला. त्यांनी त्यांचा हिशोब लावला आणि तो बराबर जुळला.

एका शुक्रवारी घरी आले तर ओसरीवर शेजारची सून बसलेली. ताटात खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकू.

"काकू, तुमी नवस फेडायला चालल्या म्हनं. आमची एवढी ओटी देवीला घाला."

"अगं, नवस न्हाई बाई. ते दवाखान्याचं हाय."

"असू द्या. सांगत न्हाईत नवस कुणाला," ती म्हणाली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ताट ठेवून गेली.

देवीच्या नावानं दारात आलेली ओटी परत पाठवायची म्हणजे त्या बाईच्या घराचं वाईट चिंतल्यासारखं. माझ्यानं ते झालं नाही. मग दुसरी आली, तिसरी आली. एक हिरवा चुडा आला. पलीकडच्या आळीतल्या एकीनं लाकडी पाळणा आणला, वितीएवढा. तिच्या लेकीला मूल नव्हतं. पाळणा तिनं हातात दिला आणि माझ्या पायांना हात लावून गेली. माझ्या पायांना! जे मला संडासापर्यंत धड नेत नव्हते.

ओट्या ठेवायची पत्र्याची पेटी भरली. आमचे मालक एकदा झाकण उघडून बघत म्हणाले, "नारळाचं दुकान टाकून राहिलीस का?"

माझी थोरली जाऊ रोज संध्याकाळी येते. तिची जीभ म्हणजे विळी. ती म्हणाली, "बूट घालून कोनी नवस फेडतं व्हय? आन् सकाळी सकाळी भाकर खाऊन निघतीस. उपास तरी धर."

"अक्का, गोळ्या उपाशीपोटी चालत न्हाईत."

"देवीला गोळ्या समजत न्हाईत."

हसण्यावारी नेलं, पण मनातून मी फिरले होते. आता अर्ध्यात बसता येणार नव्हतं. नवस अर्ध्यावर सोडला तर कुणाच्या घरात काय झालं म्हणजे बोट माझ्याकडं येणार. बोट नाही आलं तरी तो पाळणा माझ्या पेटीत होताच. मी स्वतःशी ठरवून टाकलं की वरपर्यंत जायचं, आणि ओझं घेऊन जायचं. सवय व्हावी म्हणून पुढच्या मंगळवारी पिशवीत पाच-सहा नारळ घालून टेकडी चढायला घेतली.

अर्ध्यात उजव्या गुडघ्यानं जवाब दिला. तिथंच थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. टॉवरपर्यंत गेले, पिशवी कोपराला अडकवून दोन्ही हातांनी दगड धरत. खाली येताना पिशवी बोटांत अडकून बसली, बोटं उघडेचनात. शेवटी बैलगाडीतून घरी आले. गुडघा पपईएवढा. मनगटं लाल. अंगात ताप. कितीतरी दिवस मालकांनी घास भरवला आणि तोंड पुसलं. फार थकले होते हो. झोपून थकवा जातो असं ज्यांना वाटतं त्यांचं बरं आहे. हा थकवा झोपेतही अंगावर बसून राहतो.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नारळांचंही सांगितलं.

"मावशी, तुम्हाला काय सांगितलं होतं मी?"

"न्यावं लागतंय हो. बायांनी भरोशानं दिलंय."

"मग मला तुम्हाला नेता येणार नाही. वर गेलंच पाहिजे असं मनात धरून येणारा पेशंट मी डोंगरावर नेत नाही. ओट्या तरी सोडा, नाहीतर डोंगर तरी."

आणि डोंगर सोडला तर एका लेकराच्या सुया गेल्या. ती वेणी डोळ्यांपुढून हलेना.

उठून बसता यायला लागलं तेव्हा मी ओट्या दिलेल्या सगळ्या बायांना ओसरीवर बोलावलं. पेटी मधे ठेवली. म्हटलं, "बायांनो, माझा नवस न्हाई. मंगळवार-शुक्रवार मी गोळीपायी धरलेत, देवीचे म्हणून न्हाईत. दगडापाशी मी गुडघे चोळत व्हते. मी त्या डोंगरावर जमंल तिथवर जाणार आन् बसणार. वर जाईनच असं न्हाई. म्हणून तुमचं तुमी घेऊन जा."

कुणी हलेना. एक म्हणाली, "घातलेली ओटी वापस घ्यायची? असं कुठं असतंय?"

दुसरी म्हणाली, "थोडं थोडं चढा की काकू. बसत बसत."

मला रडू यायला लागलं. दुखण्यानं असं होतं, डोळे लगेच भरतात. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली माझी जाऊ म्हणाली, "काहून छळून राहिल्या तिला? हातानं घास खाता येईना तिला, आन् तुमची नारळं वाहून न्यायची? गावातली देवी काय सावत्र हाय? चला उठा. वेशीपाशी ती बसलीच हाय, तिलाच भरा."

अक्कापुढं कुणाचं चालत नाही. बाया कुरकुरत उठल्या, आपापलं ताट ओळखून घेतलं आणि आम्ही सगळ्या वेशीकडं निघालो. माझ्यासाठी सगळ्या हळू चालल्या. देवीची ओटी भरली. पाळणावाली मात्र आली नाही. तिनं पाळणा पदराखाली घेतला आणि घराकडं वळली. मी हाक मारली, तिनं ऐकली नाही. अजून ती माझ्याशी बोलत नाही. समोरून आली की पदर सावरत निघून जाते. तिचंही बराबर आहे, तिनं माझ्या पायांना हात लावला होता.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि माझं नाव यादीत राहू दिलं.

कळसूबाईला गेलो तेव्हा धुकं होतं. आमची माणसं निरनिराळी. कुणाची मान वळत नव्हती, कुणाच्या हातात काठी. दहा पावलं चालायचं आणि उभं राहायचं. मोठ्या शाळेतली पोरं उड्या मारत पुढं जात होती, जाता जाता "आजी, शाब्बास!" म्हणत होती. कड्याला लावलेल्या दोन लोखंडी शिड्या मी चढले. तिसरीपाशी दांडा धरायला गेले तर लोखंड बर्फासारखं गार, बोटं वळेनात. गुडघा कुरकुरत होताच. शिडीकडं बघितलं. चढता आली असती, ओढून. तेवढी ओढ अंगात नेहमीच असते.

"बसताय का, मावशी?" मागून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बसते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडं गेल्या.

लिंबूसरबतवाल्या बाईजवळच्या दगडावर बसले. वरचं देऊळ काही दिसलं नाही, धुकं होतं. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शिडी मी पाठमोरी उतरले, लहान लेकरू खाटेवरून उतरतं तशी.

सुया चालू झाल्याचं पुढच्या खेपेला दवाखान्यात कळलं. त्याच पोरीला की दुसऱ्या कुणाला, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

डोंगरावरून घरी आले तेव्हा पुन्हा खाट. संध्याकाळी अक्का तेल कोमट करून घेऊन आली, पायथ्याशी बसली.

"कुठवर गेलीस?"

"दोन शिड्या."

"आन् तिसरी?"

"तिसरी न्हाई झाली."

तिनं पोटरीला तेल लावलं. सुजलेल्या गुडघ्याला हात लावला नाही, तेवढं तिला कळतं. मग म्हणाली, "बरं. आता पालथी हो, कंबर राहिली."

मला पालथं व्हायलाही तिचा हात लागला.