गुंड, वीर आणि निफाडचे आजोबा

ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मी नाशिकच्या एका छोट्या दैनिकात नवा उपसंपादक होतो. माझ्याकडे ‘पन्नास वर्षांपूर्वी’ हे सदर होतं. वाचनालयात जायचं, बेचाळीसची फाईल काढायची, चार ओळी उतरवायच्या, चहा प्यायचा. मेंदू वापरायची सोय त्यात नव्हती, म्हणून ते मला दिलं असावं.

एका सकाळी मी जसंच्या तसं उतरवलं : ‘निफाडजवळ गुंडांनी चावडी पेटवली. शिपायास मारहाण.’ खाली गाव आणि दोन नावं. त्या वेळचे पेपर सरकारच्या धाकाखाली छापले जात, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि सुचणं यांत माझ्या बाबतीत दोन दिवसांचं अंतर पडतं.

एका दिवसातच दारात छत्री उभी राहिली. मागे पांढरी टोपी, हातात आमचा अंक.

‘‘गुंड कोण रं?’’

‘‘बाबा, ते आम्ही नाही म्हटलं. त्या वेळच्या पेपरनं म्हटलंय.’’

‘‘मंग काल छापलं कुणी, इंग्रजानं?’’

त्या दोन नावांतले हयात असलेले हेच. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांच्या हस्ते झेंडावंदन होतं आणि आता पारावर चर्चा होती, गुंडाच्या हातात दोरी द्यायची का.

मला जोर चढला. त्यांना बसवलं, खुलासा लिहिला आणि ठसक्यात वाचला : ‘शूर क्रांतिवीरांनी जुलमी शिपायास धडा शिकवला...’

‘‘थांब. जुलमी कोण?’’ आजोबा उठलेच. ‘‘गरीब माणूस व्हता तो, आमच्याच गावचा. दफ्तर वाचवाया आडवा आला, आम्ही त्याचा हात मोडला. मरस्तोवर वाकडाच ऱ्हायला. त्याचा पोरगा माझ्या शेजारी शेती करतो. रोज सकाळी मला राम राम घालतो. हे वाचून उद्या घालील का?’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘चावडी जाळली, ते बरं केलं. हात मोडला, ते वाईट झालं. दोन्ही लिव.’’

लिहिलं. संपादकांनी नाक मुरडलं, ‘‘अहो, यात वाचकानं कुणाची बाजू घ्यायची?’’ पण छापलं. झेंडा आजोबांनीच लावला.

सोळाला गावाहून फोटो आला. दोरी ओढणारे आजोबा, शेजारी टाळ्या वाजवणारा त्या शिपायाचा मुलगा. खाली एक ओळ हवी होती. साधं नाव फारच बोडकं दिसत होतं हो! हात शिवशिवले. लिहिलं : ‘झेंडावंदन करताना शूर क्रांतिवीर.’

सतराला छत्री पुन्हा दारात.

‘‘सरक,’’ आजोबा म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले. ‘‘पेन दे. तुला नाय जमायचं.’’