फुंक मार

“फुंक मार.”

कंपाउंडर बाच्या तोंडासमोर वाकून उभा. बा भिंतीला टेकलेला. एक हात छातीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. सदरा घामानं चिंब. आणि त्याला सांगतात, फुंक मार.

बानं मारली. निघालीच नाही. श्वास पुरत नव्हता, फुंक कुठून निघेल?

“जोरात रे. घरी चूल पेटवतोस ना? तशी.”

बानं परत मारली. बाकावरचे पेशंट बघत होते. आमच्या वाडीतल्यांनी त्या बाकावर बसायचं नसतं. तशी पाटी कुठे लावलेली नाही. आमची जागा पायरीवर, हे आम्हाला पाटीशिवाय कळतं.

“तोंडाला नाय येत सायेब,” कंपाउंडर आतल्या खोलीकडे बघून ओरडला. “अंगाला येतोय वास.”

आतून डॉक्टरचा आवाज आला. “मग हे लोक अंगानं पितात.”

बाक हसला. अख्खा बाक.

आणि मीपण हसले. भीतीनं तोंड आपोआप तसं झालं. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, हे अंगात इतकं मुरलेलं. बानं माझ्याकडे बघितलं.

वास खरा होता. तो मी लावलेला होता.

आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याला, गावाच्या कडेला. जमीन नाही. दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि दिवाळी उलटली की पोटामागे बाहेर जायचं. त्या सकाळी बा आणि मी दादाशेटच्या खळ्यावर होतो. भाताची झोडणी चालली होती. दादाशेट म्हणजे गावातला मोठा शेतकरी. माणूस वाईट नाही, हेही सांगते. नऊ वाजले असतील. बा भारा उचलताना खाली बसला. म्हणाला, “छातीवर कुणी पाय दिलाय गो.”

मी त्याला घरी नेलं. आमच्याकडे मोहाची दारू प्यायला कमी, चोळायला जास्त. पाय मुरगळला, चोळा. पोराची छाती भरली, चोळा. बानं पिणं केव्हाच सोडलं होतं, मी शाळेत जायला लागले त्या वर्षी. पण चोळायची बाटली कोनाड्यात होती. मी ती छातीला चोळली. पाठीला चोळली. जोर लावून चोळली. बारावीत होते मी तेव्हा. जीवशास्त्राच्या पुस्तकात हृदयाचे चार कप्पे रंगवून गुण मिळवले होते. आणि बाच्या हृदयाला दारू चोळत बसले.

म्हणजे बाचा पहिला दवाखाना मीच. एक तास माझ्याकडे गेला.

दुसरा दवाखाना हा. दादाशेटनं स्वतःच्या जीपमधून सोडलं आणि तो झोडणीला परत गेला. पेठेतला डॉक्टर, दादाशेटचा नेहमीचा. “माझं नाव सांग,” म्हणाला. मी नाव सांगितलं. नावानं आम्ही पायरीवरून भिंतीपर्यंत आलो. त्याच्यापुढे नाही.

“चोळलीय सायेब, मीच चोळलीय,” मी म्हटलं. “पिला नाय तो.”

“तुला विचारलं?”

डॉक्टरनं बाला हात लावला नाही. दंडात सुई कंपाउंडरनं मारली. दोन गोळ्या दिल्या. “गॅस आहे. उतरली की बरं वाटेल. घरी नेऊन झोपव.”

आत टेबलावर एक मशीन होतं. त्यावर भरतकामाचं कापड घातलेलं, कडेला मोर. ते मशीन मला माहीत होतं. पावसाळ्यात दादाशेटच्या आईला ढेकर येत नव्हता, तेव्हा तिला इथं आणलं होतं. मी पिशवी धरायला सोबत. त्या दिवशी डॉक्टरनं स्वतः उठून ते कापड काढलं. आजीच्या हातापायाला चिमटे, छातीला वाट्या लावल्या. मशीनमधून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी निघाली. “हृदय एकदम ठणठणीत आहे आई, गॅस आहे.” आजी खूश.

तिला गॅस होता, तिची पट्टी काढली. बाला हार्टअटॅक होता, त्याला गॅसची गोळी. मशीन तेच. टेबल तेच. कापड तेवढं निघालं नाही.

मी बाला झोपवलं. डॉक्टरनं सांगितलं म्हणून झोपवलं. दुपारभर तो घामात भिजत पडला आणि वाडीतले म्हणत होते, सुई लागू पडली, बघ कसा शांत झालाय. तीनच्या सुमाराला त्याला उलटी झाली आणि ओठ काळे पडले. मग रस्त्यावर धावले. टोकावड्याकडून येणारी प्रवासी जीप हात करून थांबवली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. काही विचारायच्या आत त्यांनी बाच्या सदऱ्याची बटणं सोडली. दारूचा वास त्यांनाही आला असणारच. आधी पट्टी काढली. पट्टी हातात धरून मग विचारलं.

“दुखायला कधी लागलं?”

“सकाळी नऊला.”

“पहिल्यांदा कुठे गेलात?”

मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. दारूचंही विचारलं, पण बाला विचारलं, त्याच्या तोंडाशी वाकून, “काका, घेता का?” बा म्हणाला, “नाय बाय.” त्यांनी “नाही” असं लिहिलं. संपला विषय.

“हार्टअटॅक आहे. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देते,” त्या म्हणाल्या. “पण सकाळी दिलं असतं तर जेवढं हृदय वाचलं असतं, तेवढं आता वाचणार नाही.”

वाचलं नाही. पुढे ठाण्याला पाठवलं, तपासण्या झाल्या. बा घरी आला तो भारा उचलणारा बा नव्हता. विहिरीपर्यंत जाऊन येतो आणि दोनदा बसतो.

मी त्यानंतर आमच्या लोकांच्या संघटनेत गेले. पत्रकं वाटायला शिकले, मग लिहायला. पण ज्या दिवशी मी खरी बदलले तो दिवस सभेतला नाही. जीपमधला आहे.

दीड वर्षानंतरची गोष्ट. आंब्याचे दिवस. बा दादाशेटच्या बागेत राखणीला बसायचा, बसून होणारं काम तेवढंच. सकाळी त्याचा जबडा दुखायला लागला, डाव्या हाताला मुंग्या, तोच घाम. काकी बाटली घेऊन धावत आली. मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. डॉक्टरीणबाईंनी अशा वेळेसाठी सांगून ठेवलेली गोळी बाला चावायला दिली. दादाशेटनं लगेच जीप काढली. सांगितलं ना, माणूस वाईट नाही.

पेठ जवळ आली तसा तो म्हणाला, “आपल्या डॉक्टरला दाखवून जाऊ. त्यांची चिठ्ठी असली की सरकारीत लवकर बघतात.”

बा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर. तो कण्हत म्हणाला, “हां, चिठ्ठी घ्या दादाशेट.”

“गाडी थांबवायची नाय,” मी म्हटलं.

“दोन मिनिटं लागतील गो.”

“मागल्या टायमाला दोन मिनिटंच लागली होती.”

दादाशेटनं आरशातून बघितलं. “कोणाशी बोलतेस? गाडी माझी हाय.”

“गाडी तुमची. बा माझा. तुमी थांबलात तर आमी उतरणार नाय. मी इथं पेठेत बोंबलीन.”

“असं बोलू नको गो,” बा म्हणाला. “त्यांना वाईट वाटंल.”

छाती फुटत होती आणि या माणसाला दुसऱ्याच्या वाईट वाटण्याची काळजी. माझ्या तोंडावरचं ते हसू आणि बाची ही काळजी एकच आहे, हे मला तिथं कळलं. आम्हाला हे शिकवलंय. मार खाताना ओरडू नका, मारणाऱ्याला वाईट वाटेल.

दवाखाना आला. कंपाउंडर दारात उभा होता. त्यानं जीप ओळखली, हात केला. दादाशेटनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली.

“चला!” मी ओरडले. कधी नव्हे तेवढ्या मोठ्यानं.

गाडी गेली. दादाशेट दातओठ खात म्हणाला, “शिकली नि माजली.”

दुखायला लागल्यापासून तासाच्या आत बा सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर होता. पट्टी. इंजेक्शन. या वेळी डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं आणि नुसती मान डोलावली. पहिल्या वेळी जे गेलं ते गेलंच, पण उरलेलं वाचलं.

दादाशेटनं तेव्हापासून आम्हाला कामाला बोलावलं नाही. बा अजून म्हणतो, “त्या डॉक्टराचं तरी काय चुकलं? वास तर होताच ना.” पेठेतून जाताना दवाखान्यासमोर अजून रामरामासाठी हात वर करतो. मी त्याचा हात खाली ओढत नाही. माझा वर जात नाही.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं तेव्हा संघटनेतले दादा म्हणाले, “बाटलीचं खोड. लोक म्हणतील, बघा, दारूच निघाली.” मी खोडलं नाही. माझा एक तास लपवून डॉक्टरचे तास कसे मोजू? वाडीतल्या प्रत्येक घरात मी आधी माझंच सांगते. चोळत बसले, चुकले. मग विचारते, छातीत दुखलं तर पहिल्यांदा कुठे जाणार? उत्तर पाठ होईपर्यंत उठत नाही. जिथं पट्टी काढतात तिथं. वाटेत कुणाच्या दारात नाही, कुणाच्या चिठ्ठीसाठी नाही, कुणाला वाईट वाटेल म्हणून तर नाहीच.

आणि पेठेतल्या डॉक्टर, तुम्हालाही सांगते. दुसरी गाडी नाही मिळाली, तर आमच्यातलं कुणीतरी पुन्हा तुमच्या दारात येईल. तेव्हा मी सोबत असेन. आम्ही पायरीवर बसणार नाही. फुंक मारणार नाही. हसणार नाही.

आधी त्या मशीनवरचं कापड काढा.