आहे तेवढंच सांगणारी

नसलेली गोष्ट आहे म्हणणं मॅडमला जमायचं नाही. मॅडम म्हणजे माझी बायको. कारखान्यात तिला सगळे मॅडम म्हणायचे, मी चेष्टेत सुरू केलं आणि तेच तोंडी बसलं. ती डिप्लोमा झालेली, मी सातवीत शाळा सोडलेला टेम्पोवाला. एकदा माझ्या भाच्याला बघायला मुलीकडचे कुळगावला आमच्याच घरी आले. "मुलाला व्यसन नाही ना?" त्यांनी मॅडमला विचारलं. मॅडम म्हणाली, "तंबाखू आहे. बाकी नाही." लग्न मोडलं. माझी बहीण म्हणाली, "वहिनी, तोंड जरा मिटलं असतं तर?" मॅडम म्हणाली, "मला विचारलं नसतं तर मिटलेलंच राहिलं असतं." वर्षभर बहीण आमच्या घरचं पाणी प्यायली नाही.

तिचं कामच तसं होतं. अंबरनाथला तिच्या कारखान्यात मशीनचे कंट्रोल बोर्ड बनायचे. नवा बोर्ड आला की त्याच्या कर्नलला प्रोसेसरची ओळख ती करून द्यायची. कर्नल म्हणजे आतला कारभारी, प्रोसेसर म्हणजे त्याचे गडी, असं तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, "त्याच्याच पोटातले प्रोसेसर त्याला दिसत नाहीत? येडा आहे काय?"

"नाही दिसत. आंधळाच जागा होतो तो. किती आहेत, कुठल्या जातीचे, कुणाचा नंबर काय, कुणाला कशी हाक मारली की उठेल, सगळं मी आधी लिहून ठेवते. तो वाचतो, मग एकेकाला उठवतो."

"आणि तू चुकलीस तर?"

"असलेला लिहायचा राहिला तर तो बिचारा नुसता पडून राहतो. नसलेला लिहिला तर कारभारी त्याला हाक मारून वाट बघतो. कधी थांबून पुढे जातो, कधी तिथेच अडकतो."

मग तिला झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली आणि पहिल्याच सकाळी पोटावरच्या आपल्याच डाव्या हाताकडे बघून म्हणाली, "अहो, हा कुणाचा हात ठेवलाय माझ्यावर?" मला वाटलं थट्टा करते. डॉक्टर म्हणाले, हात आपला आहे हे तिच्या मेंदूला कळतच नाही, तुम्ही रोज सांगत जा.

म्हणून रोज जाग आली की मी तिच्याजवळ बसायचो. "मॅडम, हात दोन. उजवा उठतो. डावा आहे, तुझाच आहे, पण उठणार नाही. पाय दोन. डाव्यावर भार टाकायचा नाही." ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "वाचलं." एकदा मी लाडात येऊन सांगायला लागलो तर म्हणाली, "लेकराला सांगतात तसं नको. बोर्डाला सांगतात तसं सांगा."

मी विचारलं, "एका बाजूवर भागेल का गं?" म्हणाली, "भागतं. एकावरसुद्धा मशीन उठतं. हळू चालतं, पण चालतं." त्या बोलण्यावर मी जगत होतो.

एके दिवशी बहीण भेटायला आली. मी आत चहा टाकत होतो. बाहेर ती म्हणाली, "काही झालेलं नाही तुम्हाला, वहिनी. ठणठणीत आहात. उठा बघू." मॅडमने ते वाचलं. उठली, डाव्या पायावर भार टाकला आणि कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. मी बहिणीला नको नको ते बोललो. बहीण रडत म्हणाली, "धीर द्यायला बोलले रे दादा." मॅडम फरशीवरूनच म्हणाली, "तिला ओरडू नका. तिने जास्तीचा एक लिहिला, एवढंच."

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. छातीत कफ भरला. एका सकाळी मी सगळं सांगितलं, हात दोन, पाय दोन. "वाचलं" आलं नाही. परत पहिल्यापासून सांगितलं. शेजारचे आत आले तेव्हाही मी सांगतच होतो.

बहीण म्हणते, दादा, आमच्याकडे शिरगावला चल, एकटा मरशील इथे. मरेन. मूलबाळ नाही आम्हाला. सकाळी जाग आली की मी स्वतःला सांगतो, घरात माणूस एक. तिच्या नियमाने तेवढंच बरोबर. पण एखाद्या सकाळी तोंडातून दोन निघून जातं. मॅडमने हे कधी खपवून घेतलं नसतं. दोन म्हटलं की हाक मारावी लागते. मारतो, आणि तिथेच थांबून राहतो.