एप्रनच्या खिशातली नळी

दुर्बिणीच्या खोलीत तिला सगळे बर्फताई म्हणत. घशातून दुर्बीण उतरवून डॉक्टर लहान आतड्याच्या तोंडाशी आलेला पाचकरस ओढून घ्यायचे. तो नळीत भरून लगेच बर्फात रोवायचं काम तिचं. हा रस उबेत राहिला तर स्वतःलाच पचवून टाकतो, मग त्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची खूण शोधून सापडत नाही. अकरा वर्षांत तिची एकही नळी वाया गेली नव्हती. बर्फाच्या डब्यासमोर कोणी आलं की कोपराने ढकलायची, डॉक्टरांनासुद्धा.

तिचे वडील याच कॅन्सरने गेले, काकाही. दोघांचंही कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून ती थोरल्या भावाच्या हात धुऊन मागे लागली. दादा आडदांड, पण सुई दिसली की पांढराफटक पडायचा. दोन वर्षं टोलवाटोलवी करून शेवटी म्हणाला, "एकदाच. परत नाव काढायचं नाही."

त्या दिवशी रस भरलेली नळी तिच्या हातात आली आणि दादाने घाबराघुबरा होऊन तिचा दुसरा हात पकडला. "दादा, मी आहे ना," म्हणत तिने नळी एप्रनच्या खिशात टाकली आणि तो शांत होईपर्यंत त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मी तिथे दुर्बिणी धुणारी, डब्यापासून दोन पावलांवर उभी. मला ते पाहून चक्क बरं वाटलं! त्याबद्दल स्वतःवरचा राग अजून जात नाही.

दुपारी एप्रन काढताना तिचा हात खिशाशी थांबला. नळी अंगाच्या उबेने कोमट झाली होती. तरी तिने ती बर्फात रोवली, काढली, पुन्हा रोवली. मग वहीत दादाच्या नळीच्या नंबरापुढे स्वतःच लिहिलं, "खराब."

फोन तिने माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. "दादा, माझी चूक झाली. परत यावं लागेल. पाया पडते तुझ्या."

तो मायेने म्हणाला, "अगं, तू हात धरलास म्हणून तर निभावलं. आता नाही जमायचं मला. तुझ्यावर चिडलो नाही हं."

चिडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या एका म्हातारीने घाबरून तिच्याकडे हात पुढे केला. बर्फताईने नळी बर्फात रोवली आणि तो हात तसाच सोडून डबा घेऊन निघून गेली.