टाळूवरचे निळे थेंब

तिशीच्या आतच मुलाचे केस मागे सरकू लागले, तेव्हा शाहपुऱ्याच्या तळ्याजवळच्या एका क्लिनिकने त्याला एक इवलीशी बाटली दिली. आत निळसर पाणी. त्याला पेप्टाइड म्हणतात, केस यावेत म्हणून डोक्याला लावायचं. मी सोबत गेलो होतो. तिथे काचेच्या भिंती होत्या, पांढरे कोट होते, आणि मुलाच्या डोक्याचा फोटो पडद्यावर एवढा मोठा केला होता की दुष्काळी भागाची हवाई पाहणी चालली आहे असं वाटावं. "सर, अभी एक्सपेरिमेंटल है, लेकिन फ्यूचर यही है," एक कोट म्हणाला.

बाटलीवर बारीक इंग्रजीत छापलं होतं: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. मी ते मुलाला वाचून दाखवलं.

"बाबा, ते कायद्यासाठी लिहावं लागतं."

टक्कल त्याचं होतं. मी बाटली त्याला परत दिली. औषध थंड ठेवायचं म्हणून बाटली सोनागिरीच्या आमच्या घरी फ्रिजच्या दारात आली.

नातू तेव्हा चार महिन्यांचा होता. रोज सकाळी माझी बायको त्याला पायांवर घेऊन त्याची टाळू भरायची. डोक्यावर जिथे हाड अजून जुळलेलं नसतं, तिथे कोमट तेल जिरवायची. ती जागा बोटाखाली उडते. मला ते कधीच बघवलं नाही, म्हणून त्या वेळी मी पेपर वाचत असे.

त्या दिवशी मुलगा ऑफिसला गेला होता, सून अंघोळीला. बायको बाळाशी बोलत होती. "आता बघ कसं दाट जावळ येतं माझ्या राजाला. बापाच्या आधी तुलाच."

मी पेपर खाली केला. तेलाच्या वाटीशेजारी ती बाटली होती.

"अगं, हे काय घातलंस?"

"दोन-चार थेंब. तेही तेलात. नुसतं नाही काही."

"माणसांवर वापरू नये असं लिहिलंय त्यावर!"

"मग तुमचा मुलगा कोण आहे?"

एरवी मी हसलो असतो. पण माझा आवाज ऐकून सून ओल्या केसांनी बाहेर आली होती. ती ओरडली नाही. तिने बाळाला उचललं आणि बेसिनपाशी नेऊन साबणाने त्याचं डोकं धुवायला घेतलं. बायको तशीच बसून राहिली, पाय लांब केलेले, पायांवर कोणी नाही.

मुलांच्या डॉक्टरकडे जाताना रिक्षात मुलाचा फोन आला. त्याने क्लिनिकला विचारलं होतं. ते म्हणाले, बच्चों का डेटा अवेलेबल नहीं है.

"डेटा नाही म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"म्हणजे आधी कोणी हे केलेलं नाही."

तिने हात पदराखाली घेतले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाळाची छाती ऐकली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, टाळूवरची कातडी निरखली. दुपारपर्यंत थांबवून घेतलं. बाळ दूध प्यायलं, झोपलं, उठून रडलं. ते रडलं की बरं वाटायचं. झोपलं की माझी नजर त्याच्या पोटावर जायची, वरखाली होतंय ना ते बघायला. शेवटी डॉक्टरांनी मला आणि सुनेला आत बोलावलं.

"अंकल, सच कहूँ? मुझे नहीं पता. शायद कुछ भी न हो. बस, नज़र रखिए."

"कब तक?"

"वो भी नहीं पता."

कारखान्यातल्या सभांपासून सोसायटीतल्या सत्कारांपर्यंत, छातीठोक बोलणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा जन्म गेला. मला माहीत नाही, असं सरळ सांगणारा तज्ज्ञ भेटावा असं मी नेहमी म्हणायचो. तो भेटला आणि मला नकोसा झाला. दाराच्या फटीतून बाकावर बसलेली बायको दिसत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

"डॉक्टर, उनको ये मत बताइए. बोल दीजिए, कुछ नहीं होगा."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली. मग त्या बाहेर गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि भाषणाच्या आवाजात म्हणाल्या, "माताजी, मैं गारंटी देती हूँ. बच्चा एकदम फिट है."

बायको तिथेच रडली. मग तोंड पुसून मला म्हणाली, "बघितलंत? किती खात्रीने बोलल्या. नाहीतर तुम्ही, घाबरवून टाकलंत उगाच."

"हो ना," मी म्हणालो.

त्यानंतर कित्येक आठवडे बाळ जरा जास्त वेळ झोपलं की सून आणि मी आळीपाळीने पाळण्यात डोकावायचो, नाकापाशी बोट धरायचो. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. बायको स्वयंपाकघरातून वैतागून म्हणायची, "झोपू द्या हो त्याला. डॉक्टरांनी गॅरंटी दिलीय ना?"